लेखदोष आणि पत्रशुद्धि : कांहीं जुन्या कागदांच्या अनुरोधानें

इंग्रजी शिकविणाऱ्या शालेय पुस्तकांच्या शेवटीं बहुधा एक दोषप्रकरण असतें. द्विरुक्ति करूं नये, संदिग्ध सर्वनाम ठेवूं नये, एका वाक्यांत दोन काळ मिसळूं नयेत, लहान शब्दानें भागत असतां लांब शब्द घालूं नये, अशा सूचना, आणि त्यांच्याखालीं ‘अशुद्ध’ व ‘शुद्ध’ असे दोन रकाने. उमापुरासारख्या गांवीं मीं आयुष्यभर संस्कृत व मराठी शिकविलें. इंग्रजीचे शिक्षक रजेवर गेले म्हणजे तें प्रकरण माझ्याकडे येई. एकदां एका विद्यार्थ्यानें विचारलें, “गुरुजी, चुका टाळण्याचें हें शास्त्र इंग्रजांचेंच काय? आपल्या लोकांनीं लिहितांना चुका केल्या नाहींत, कीं त्या कोणीं धरल्या नाहींत?” वर्ग हंसला. मींही कांहींतरी बोलून वेळ मारून नेली. पुढें निवृत्तीनंतर आसपासच्या घराण्यांचे रुमाल सोडून पाहण्याचा नाद लागला, तेव्हां त्या प्रश्नाचें उत्तर हातीं येऊं लागलें. तें कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्या वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें मांडीत आहें.

या विषयावरील अत्यंत नेटकें असें जुनें दोषप्रकरण कौटिलीय अर्थशास्त्रांत आहे. म्हैसूरचे आर. शामशास्त्री यांनीं हा ग्रंथ १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केला. त्याच्या दुसऱ्या अधिकरणाचा दहावा अध्याय शासनाधिकाराचा, म्हणजे राजाचे लेख कसे सिद्ध करावे याचा, आहे. ग्रंथाच्या काळाविषयीं विद्वानांत मोठा वाद आहे. त्यांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टत्व हे लेखाचे सहा गुण तेथें सांगितले आहेत. मुख्य गोष्ट आधीं मांडावी हा अर्थक्रम. पुढच्या मजकुरानें मागचा मजकूर शेवटपर्यंत बाधित होऊं नये हा संबंध. अर्थ, पदें व अक्षरें उणीं नसावीं आणि अधिकही नसावीं, ही परिपूर्णता. ग्राम्य शब्द टाळणें हें औदार्य, आणि लोकांस परिचित असलेलेच शब्द योजणें हें स्पष्टत्व. हें शेवटचें लक्षण वाचतांना मला १९०६ सालीं निघालेल्या फौलर बंधूंच्या ‘किंग्ज इंग्लिश’ या ग्रंथाची आठवण झाली. त्यांच्याही आरंभींच्या नियमांत परिचित शब्दास अपरिचितावर पसंती दिलेली आहे. दोघांच्या मध्यें किती शतकें गेलीं याचा हिशेब मीं त्या विद्यार्थ्यास करून दाखविला असता, पण तो एव्हांना कोठें आहे हें मला ठाऊक नाहीं.

गुणांमागून पांच दोष येतात : अकांति, व्याघात, पुनरुक्त, अपशब्द आणि संप्लव. काळवंडलेला कागद, आणि वेडेंवांकडें, लहानमोठें व फिकट अक्षर, ही अकांति. मागें लिहिलेलें पुढें खोडणें हा व्याघात. कांहीं विशेष न सांगतां तेंच पुन्हा म्हणणें हें पुनरुक्त. लिंग, वचन, काळ आणि कारक यांचा विपरीत प्रयोग हा अपशब्द. नको तेथें वर्ग पाडणें व हवा तेथें न पाडणें, म्हणजे आपण ज्यास परिच्छेदाचा घोटाळा म्हणूं तो, संप्लव. शालेय इंग्रजी पुस्तकांतील बहुतेक सगळा मसाला या पांचांत येऊन जातो. अधिक आहे ती अकांति. छापखान्यानें अक्षर एकसारखें करून दिल्यावर त्या दोषाची आठवण ठेवण्याची गरज उरली नसावी. ज्यांनीं कसरीनें खाल्लेल्या, शाई उडालेल्या कागदापुढें दुपारच्या दुपार घालविल्या आहेत, त्यांस मात्र तिला पहिलें स्थान कां दिलें हें सांगावें लागणार नाहीं.

याच अध्यायांत आणखी एक गोष्ट आहे. पत्र सत्ताधीशास असेल तर देश, ऐश्वर्य, वंश व नांव यांचा उपचार करावा. इतरास असेल तर देश व नांव एवढ्यांचा. शिवाय ज्यास लिहावयाचें त्याचें कुळ, स्थान, वय, विद्या, शील आणि आपला त्याच्याशीं संबंध पाहून लेख करावा. आमच्या दप्तरांतील मायन्याचें मूळ तत्त्व तें हेंच. गुजराथेंत अशा नमुन्यांचा ‘लेखपद्धति’ नांवाचा संस्कृत संग्रह झाला. तो बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत १९२५ सालीं छापला गेला. फारसी दप्तरांत इन्शा या नांवाचें एक शास्त्रच होतें. महाराष्ट्रांत हें काम मेस्तकांनीं केलें. मेस्तकें देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि याच्या नांवावर चालत आलीं आहेत. महादेव आणि रामचंद्र या दोन यादव राजांच्या पदरीं तो होता, म्हणजे काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. मोडीही त्याच्याच नांवावर घालतात. आज मिळणाऱ्या मेस्तकांची भाषा पुष्कळ उत्तरकालीन आहे, आणि मोठें नांव दिसलें कीं त्याच्या पदरीं सर्व कांहीं बांधण्याची आपली खोड प्रसिद्ध आहे. तेव्हां हा संबंध परंपरा म्हणूनच धरावा.

मायन्यांत चूक होणें ही व्याकरणाच्या चुकीहून मोठी चूक समजली जाई. वडिलांस तीर्थरूप, धाकट्यास चिरंजीव. धन्यास लिहितांना विनंति, हाताखालच्यास आज्ञा. बरोबरीच्यास शेवटीं लोभ असों द्यावा हे विनंति, कनिष्ठास नुसतें जाणिजे. ब्राह्मण ब्राह्मणास नमस्कार लिही व इतरांस आशीर्वाद, मराठे सरदारांत रामराम चाले, गोसाव्यास दंडवत. राजश्री, राजमान्य, अखंडितलक्ष्मीअलंकृत, मशरूल अनाम, यांपैकीं कोणास कोणतें विशेषण पोंचतें हें कारकुनास तोंडपाठ असावें लागे. एखाद्या सरदारास पूर्वींच्यापेक्षां एक विशेषण कमी गेलें तर तो तें मोजून पाही, हें उघड आहे; कारण तेवढ्यावरून दरबारांतील आपली पायरी त्यास कळे. संग्राहकास याचा उपयोग फार. पत्राचा शेवट फाटला, सही गेली, मजकूर अर्धा उरला, तरी मायन्याची एक ओळ शाबूत असली तर लिहिणारा वडील कीं धाकटा, चाकर कीं स्नेही, एवढें तरी निश्चित होतें. म्हणून नक्कल करतांना ‘मायना नेहमींचा’ असें लिहून ती ओळ गाळण्याची जी रीत कांहीं जणांनीं पाडली, तिजबद्दल मला मनापासून राग आहे.

आतां अक्षराविषयीं. श्रीसमर्थ रामदासांचें जन्मगांव जांब आमच्यापासून गोदेपलीकडे. शके १५३० चा त्यांचा जन्म. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळें, सरळ व मोकळें असावें. पहिलें अक्षर जसें काढलें तसेंच ग्रंथ संपेपर्यंत निघावें. ओळींतील अंतर सारखें राखावें. कडेला जागा सोडावी, म्हणजे कागद झिजला तरी अक्षर जाणार नाहीं. तरुणपणीं फार बारीक लिहूं नये, कारण म्हातारपणीं तें आपणांसच वाचवत नाहीं. ही शेवटची सूचना किती अनुभवाची आहे हें साठी उलटल्यावर कळतें. हा समास म्हणजे अकांतिदोषाचें मराठींतील निवारण होय, आणि तो भक्तिग्रंथांत आला आहे हें विशेष. पोथी उतरणें हें ज्या समाजांत पुण्यकर्म, तेथें गचाळ अक्षर हा व्यवहारांतला दोष राहत नाहीं.

मोडीची गोष्ट निराळी. तेथें वेगाला महत्त्व. आधीं पानभर शिरोरेषा ओढून घ्यावयाची आणि तिच्याखालीं हात शक्य तों न उचलतां लिहीत जावयाचें. शब्द तोडावयाचा नाहीं, विराम नाहीं, इकार-उकारांचें ऱ्हस्वदीर्घ पाळावयाचें नाहीं. त्यांत आंखूड खुणा. एकच ‘पा॥’ कोठें पाटील तर कोठें पाठविलें. हे दोष नव्हेत, त्या लिपीचे हे संकेत आहेत. वाचणाराही त्याच शाळेंतला असल्यामुळें अडत नसे. अडे तें एक अक्षर फिरलें म्हणजे. नारायणराव पेशव्यांच्या खुनासंबंधीं (३० ऑगस्ट १७७३) ‘ध’ चा ‘मा’ केल्याची जी आख्यायिका घरोघर सांगतात, ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. पण ती लोकांच्या मनांत इतकी खोल कां रुजली हें मोडी वाचणारास समजतें.

चूक सुधारण्याचा अधिकार कोणास, या प्रश्नाचें एक थोर उदाहरण आमच्या शेजारींच घडलें. पैठणास एकनाथ महाराजांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीच्या प्रती मेळवून पाठ शुद्ध केला. पाठांतरानें व लेखकांच्या हयगयीनें ग्रंथांत अबद्ध शिरलें होतें तें काढलें, आणि पुढें कोणीं पदरची ओवी घालूं नये म्हणून कडक शब्दांत बजावून ठेविलें. शुद्ध करणारानें स्वतःच्या हाताला घातलेला हा बांध मोठा आहे. पुढें राजवाड्यांनीं बीडच्या पाटांगणांतील पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, ती १९०९ सालीं. ही पोथी एकनाथपूर्व आहे असें त्यांचें मत. त्यावर इतरांनीं शंकाही घेतल्या. वाद कसाही सुटो. राजवाड्यांनीं त्या पोथीचीं रूपें जशींच्या तशीं ठेवलीं म्हणूनच तो वाद होऊं शकला. त्यांनीं तीं ‘शुद्ध’ करून छापलीं असतीं तर वादास विषयच उरला नसता. पारायणासाठीं पाठ शोधणाराचें कर्तव्य एक आणि पुराव्यासाठीं कागद उतरणाराचें दुसरें. आपण दुसऱ्या वर्गांतले, आणि पहिल्या वर्गाचा मोह आपणांस फार.

इंग्रजी अंमलांत या सर्वांवर नवीन थर बसला. दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ सालीं निघालें आणि मराठी शुद्ध कोणती याचें माप छापील झालें. मेजर थॉमस कँडी यांनीं १८५० मध्यें ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहिली. आज आपण जे स्वल्पविराम सहज टाकतों त्यांची ओळख मराठीस करून देणारा एक इंग्रज होता. शालाखात्याच्या पुस्तकांची मराठी त्याच कँडीसाहेबांच्या नजरेखालून जाई. परक्यानें आमची भाषा तपासावी याचा चिपळूणकरांस संताप आला. निबंधमालेंत भाषेची शुद्धि आणि इंग्रजीच्या छायेनें तिला जडणारीं दूषणें यांवर त्यांनीं सपाटून लिहिलें. संताप योग्यच होता. तरी निबंधमालेचें वाक्य स्वतः इंग्रजी विरामचिन्हांवर उभें आहे, हें नाकारतां येत नाहीं. वर्गांत मी एक बनविलेलें वाक्य फळ्यावर लिहीत असे : खंडणी दिली नाहीं गांव लुटिला. स्वल्पविराम ‘नाहीं’ च्या पुढें घाला, गांव लुटला गेला. मागें घाला, वांचला. मोडी पत्र छापतांना आपण जो विराम घालतों तो कागदावर नसतो, तो आपला असतो. तेव्हां तो घालणारानें तसें सांगावें.

आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत. तेथें फारसीची जागा १८८४ पासून उर्दूनें घेतली. त्यामुळें एकाच घराच्या रुमालांत पणजोबांचें ‘सेवक’, आजोबांचा अर्जाखालचा ‘फिदवी’ आणि मुंबई इलाख्यांत नोकरीस गेलेल्या चुलत्याचें ‘युअर मोस्ट ओबिडिअंट सर्व्हंट’ अशा तीन सह्या मला सांपडल्या आहेत. तिघांचा अर्थ एकच. इंग्रजीचे आजचे शिक्षक ती लांब पुच्छयोजना दोष म्हणून खोडतात; तिचें मराठी पिल्लूं ‘आपला आज्ञाधारक’ मात्र शाळेच्या अर्जांत सुखानें नांदत आहे. तसेंच ‘सा. न. वि. वि.’ चें. हीं चार अक्षरें म्हणजे साष्टांग नमस्कार विनंति विशेष हा जुना मायनाच. पण तीं लिहिणाऱ्या दहा जणांपैकीं दोघांनाही तीं उलगडून सांगतां येतील कीं नाहीं याची मला शंका आहे. शुद्धलेखनाचेही नियम बदलले. साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्यें मान्य झाले, १९७२ मध्यें त्यांत चार वाढले, आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. मी ते अजून देतों, कारण संवय जुनी. विद्यार्थ्यांच्या वहींत मात्र मीं ते कधीं मागितले नाहींत.

आतां ज्या प्रकरणामुळें हा लेख लिहावासा वाटला तें सांगतों. घराण्याचें नांव देत नाहीं. आमच्या भागांत एका जुन्या घराण्याच्या दोन शाखा आहेत. थोरल्या घरीं एक पावती आहे. तिजवर शके १६९४ नंदननाम संवत्सरे असें असून खालीं मूळ पुरुषाची बकलम खुद्द सही आहे. धाकट्या घरीं एका पत्राची नक्कल आहे. तींत धाकटा भाऊ वडील भावास लिहितो कीं, कैलासवासी तीर्थरूपांनीं आरंभिलेलें बारवेचें काम आपण तडीस न्यावें. नकलेंतील सन ‘सबैन मया व अलफ’, म्हणजे सुहूर ११७०. सुहूर सनांत ५९९ मिळविले म्हणजे मृगापासून पुढचें इसवी वर्ष येतें; तेव्हां पत्र १७६९–७० चें. पावती १७७२–७३ ची. पत्राच्या वेळीं कैलासवासी झालेला पुरुष तीन वर्षांनीं पावतीवर सही करतो, असा अर्थ झाला. व्याघात उघड होता. धाकट्या घरानें त्याचा एकच अर्थ घेतला : थोरल्यांची पावती बनावट. हें बोलणें चाळीस वर्षें चाललें होतें. लग्नकार्यांत जाणें-येणें बंद होतें.

मीं प्रथम पावती तपासली. शकांत बारा मिळवून साठांनीं भागिलें म्हणजे जी बाकी उरते तो दक्षिणेकडील संवत्सराचा क्रमांक. १६९४ मध्यें बारा मिळविले, १७०६ झाले. भागून बाकी २६. सव्विसावा संवत्सर नंदन. (शिवराज्याभिषेकाचा शके १५९६ घेऊन कोणींही पडताळा पाहावा, बाकी ४८ येते, आणि अठ्ठेचाळिसावा आनंद.) बनावट करणारास एवढें गणित येणार नाहीं असें नाहीं, पण पावतींत तरी दोष दिसेना. मग मूळ पत्राचा शोध. तें अखेर धाकट्याच घरीं देव्हाऱ्याखालच्या पेटींत निघालें. त्यांतील सन असा होता : ‘सबा सबैन मया व अलफ’.

सबा म्हणजे सात, सबैन म्हणजे सत्तर. सन ११७७, इसवी १७७६–७७. पावतीनंतर चार वर्षांनीं लिहिलेलें पत्र. त्यांत तीर्थरूप कैलासवासी असण्यास कांहींच हरकत नाहीं. नक्कल करणारे गृहस्थ मोडीचे चांगले वाचक होते, अक्षरही मोत्यासारखें. पण अरबी संख्या त्यांच्या परिचयाच्या नव्हत्या. ‘सबा सबैन’ हें त्यांस कारकुनाच्या हातून झालेलें पुनरुक्त वाटलें, आणि त्यांनीं तो दोष सद्भावनेनें काढून टाकला. एका शब्दाबरोबर सात वर्षें गेलीं. पत्र सवाई माधवरावांच्या कारकीर्दींतून उचललें जाऊन थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत पडलें, आणि एका निरपराध कागदास बनावट ठरविण्यांत आलें. ही ठेंच इतरांस लागूं नये म्हणून सांगतों कीं, सुहूर सनांत अशा जोड्या येतात : सलास सलासीन, अर्बा अर्बैन, खमस खमसैन, सीत सितैन, समान समानीन, तिसा तिसैन. दिसावयास द्विरुक्ति, पण एकही शब्द अधिक नाहीं. उलट नुसतें सितैन किंवा सबैन दिसलें, तर दहाव्या वर्षाचा तो सन खरोखरच तसा आहे कीं मागचा शब्द गळला आहे, हें मूळ पाहिल्याशिवाय ठरवूं नये.

मीं नकलेंत कांहीं खोडलें नाहीं. कडेच्या मोकळ्या जागेंत पेन्सिलीनें ‘मुळांत : सबा सबैन’ एवढें लिहून पाहिल्याची तारीख घातली. धाकट्या घरच्या वृद्ध गृहस्थांनीं सर्व ऐकून घेतलें, थोडा वेळ कांहीं बोलले नाहींत, आणि मग ती पावती एकदां डोळ्यांनीं पाहावयाची आहे असें म्हणाले. त्याच आठवड्यांत ते थोरल्या घरीं गेले. बारव तडीस कोणीं नेली हा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाहीं. तिच्या चौकटीवरील दगडांत कांहीं अक्षरें आहेत, पण त्यांवर चुन्याचे इतके हात बसले आहेत कीं ठसा उठत नाहीं.